रोडगे पायलीवर, भाडं पाडव्याला

दुपारी एकच्या सुमारास आमच्या भोजनालयात डोकावलं तर बसायला जागा सापडत नाही. हात धुवायच्या नळापाशी माणसं उभी, आत भाकऱ्यांची थापाथाप आणि काउंटरवरचा तो बोलका डबा सारखा पैसे मिळाल्याचं सांगतोय. हे पाहून आजवर कितीतरी ओळखीच्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं आहे, की आम्हीही एखादं हॉटेल टाकावं म्हणतो, कसं काय जमेल? मी त्यांना एवढंच सांगतो, की चार वाजता पुन्हा या.

चार वाजता पंखे फिरत असतात, फ्रीज गुरगुरत असतो, रोजानं आलेली माणसं भिंतीला टेकून बसलेली असतात आणि गिऱ्हाईक म्हणून एकच जण असतो, तोही फोन चार्ज करायला आलेला. हॉटेलचा खर्च दिवसभराचा आणि धंदा दुपारच्या दोन-अडीच तासांचा. ज्याला ही गोष्ट भरलेली टेबलं बघतानाही आठवते त्यानंच या धंद्यात पडावं. मला ती आठवत नव्हती, म्हणून मी पडलो. पडलो याचा आज आनंद आहे.

मी मूळचा रिठदचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, रिसोडला बी.कॉम. केलं. आईनं लोकांच्या वावरात निंदण-खुरपण करून आणि पुढे गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवून मला शिकवलं. माझा निकाल लागला तेव्हा माझ्या गुरुजींनी स्वतःच्या पैशानं पेढे आणून आमच्या वस्तीत वाटले होते. त्या पेढ्यांची चव मी कुठल्याच मिठाईला देऊ शकलो नाही. पुढे पुण्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आठ-नऊ वर्षं हिशेब सांभाळले. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला आणि आम्ही गावाकडे आलो. साहेबांनी निरोप घेताना सांगितलं होतं, की मी दुसरीकडे चाललोय, तुला केव्हाही बोलावून घेईन. म्हणजे परतीचा रस्ता उघडा होता.

तरी आम्ही केनवडला रस्त्याच्या कडेची एक जागा घेतली. आईच्या नावानं पाटी लावली, ‘शांताई भोजनालय’. बायको ज्योती मानोऱ्याकडची. तिचा स्वभाव असा, की भीती वाटली तर आधी काम सुरू करते आणि मग घाबरते. जागा दिनकररावांची. त्यांचा नियम पहिल्याच दिवशी सांगून झाला होता.

"भाडं महिन्याचं घेत नाई मी. सालदारासारखं सालाचं. पाडवा ते पाडवा. सारं एका हातानं."

"दिनकरराव, महिन्याला दिलं तर सोपं जाईल."

"तुले सोपं जाईन. मले तुया मांगं बारा येळा फिरा लागन, त्याचं काय?"

पहिल्या सालाचं भाडं भविष्य निर्वाह निधीच्या पैशातून दिलं. उरलेल्यातून त्या जागेत शेड घातली, भट्टी बांधली, फरशी बसवली, बोअरपर्यंत पाइप नेला. यातलं काहीच उचलून नेण्याजोगं नव्हतं. पाडव्याला भाडं जमलं नाही, तर दिनकररावांच्या पुतण्याला तिथे खत-बियाण्यांचं दुकान टाकायचंच होतं. त्याला आयती शेड मिळाली असती, मी पुन्हा पुण्याला गेलो असतो, आणि आई पुन्हा रिठदच्या घरात एकटी. माझ्या पहिल्या वर्षाची गोष्ट ती इतकीच, की पाडवा गाठायचा होता.

आता थोडं थाळीचं अर्थशास्त्र सांगतो. आमच्या भागात थाळी म्हणजे पोटभर थाळी. भाव एक, खाणं मोकळं. यात जो कमी खातो तो जास्त खाणाऱ्याचे पैसे भरतो आणि मालक मधल्या मध्ये जगतो. बाहेरच्यांना वाटतं, की भाकरीचं गाव म्हटल्यावर भाकरी स्वस्त पडत असेल. तसं नाही. आमच्याकडे आता ज्वारी पेरतो कोण? सगळीकडे सोयाबीन. पेरली तर रानडुकरं आणि पाखरं अर्धी खातात. त्यामुळे ज्वारी गव्हाहून महाग पडते, शिवाय ती थापायला हात लागतो आणि हाताला रोज लागतो. तुरी आमच्याच मातीत होतात, पण त्यांची डाळ होऊन दुकानात आली की आम्ही तिला परक्यासारखं बघतो. तेलाचा डबा आणि व्यापारी सिलिंडर यांचे भाव ठरवताना आम्हाला कोणी विचारत नाही, आणि थाळीचा भाव पाच रुपयांनी वाढवला की सगळा रस्ता विचारतो.

धंद्याला ऋतूही असतात. पेरणीच्या दिवसांत माणूस वावरात जेवतो. सोयाबीन विकलं की खिशात पैसा येतो, तेव्हा महिनाभर बरं चालतं. आणि लग्नसराई सुरू झाली की आमच्याकडे शुकशुकाट. सगळ्या पंचक्रोशीला रोज कुठे ना कुठे फुकट बुंदी मिळत असताना पैसे देऊन वरण-भाकर खाणार कोण? एकदा मे महिन्यात मी स्वतःच भोजनालय बंद करून एका लग्नात जेवायला गेलो. तिथे माझी सगळी रोजची गिऱ्हाइकं पंगतीत बसलेली. मला पाहून त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं, आणि मलाही.

त्या पहिल्या हिवाळ्यात हळद शिजवणाऱ्या मजुरांची एक टोळी यायची. पहाटेपासून कढईपाशी उभं राहून आलेली माणसं. ती जेवायला बसली की मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायचो आणि आईच्या चेहऱ्यावर तेज यायचं. ती भट्टी सोडून स्वतः वाढायला यायची.

"घे बाप्पा अजून एक. हळद काय उपाशी पोटी शिजते काय?"

मी तिला आत बोलावून हळूच म्हणालो, "आई, थाळी पोटभर आहे हे त्यांना माहीत आहे. आग्रह कशाला करते?"

"काहून? वाढाले हात थरथरते काय तुया?"

"हात नाही, हिशेब थरथरतो."

"मंग हिशेबाले म्हणा, तू बाहेर बस. जेवणाऱ्याच्या तोंडाकडं पाहू नको."

मी बाहेर बसलो. तिच्याशी या विषयावर वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे.

टोळी गेली, सोयाबीनचा पैसा लोकांच्या खिशातून संपला, आणि त्याच वर्षी नव्या मोठ्या महामार्गामुळे आमच्या रस्त्यावरचे ट्रकही कमी झाले. संक्रांतीनंतर मी बसून हिशेब केला. रोजचा गल्ला रोजच्या खर्चाला पुरत होता, त्यातून पाडव्यासाठी काहीच बाजूला पडत नव्हतं. ज्योतीनं कागद पाहिला, उलटा ठेवला आणि म्हणाली, "साहेबाले फोन लावाचा असंन तं पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी लावजा. पहिले लावला तं मी उचलून फेकीन फोन."

अशा दिवसांत रिठदचे गजाननभाऊ आले. चांगली शेती असलेला, मोठ्या आवाजाचा माणूस. आईच्या खिचडीच्या शाळेसमोरच त्यांचं घर. जेवण झाल्यावर ते उठेनात. चहा घेतला, पुन्हा बसले.

"सिद्धार्थ, आपल्या वावरातल्या बोअरले पाणी लागलं."

"वा, भाऊ."

"दोन बोअर कोरडे गेल्ते. तिसऱ्याच्या टायमाले मारुतीले बोललो होतो, पाणी लागलं तं रोडगे करीन. आता पोरं पुण्यात, भाऊबंद कामात. रोडगे भाजणारी माणसंच राह्यली नाईत गावात." मग ते टेबलावर बोट फिरवू लागले. "तुमी करसान काय? म्हणजे... मारुतीचे रोडगे हायत. तुमचं तं... तुमाले चालते काय, असं विचारून राह्यलो."

वाचकांपैकी काहींना हा प्रश्न समजला नसेल, म्हणून सांगतो. आम्ही बौद्ध. आमच्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हापासून देवाच्या पूजेत आम्ही नसतो. आणि दुसऱ्या बाजूनं, देवाच्या पंगतीचं अन्न आमच्या हातचं असावं, असं गावात आधी कुणाच्या मनातही आलं नसतं. गजाननभाऊंच्या त्या अडखळत्या वाक्यात दोन्ही गोष्टी होत्या. मी उत्तर जुळवत होतो, तोवर आई आतून बोलली.

"पूजा तुमी करा, गजाननभाऊ. इस्तव आमचा."

भाऊंनी सुटकेचा श्वास टाकला. मग व्यवहार सुरू झाला आणि तिथेच आम्ही सगळे मिळून फसलो. भाऊंच्या मुलीच्या लग्नात केटररनं ताटावर भाव घेतला होता, त्यामुळे त्यांना ती पद्धत फार प्रतिष्ठेची वाटत होती. मी बी.कॉम., मला तर तीच एक पद्धत माहीत. माणसं दोनशे, ताटाला शंभर रुपये, सगळा माल आमचा. अर्धी रक्कम त्यांनी तिथेच दिली. ज्योतीनं कागदावर नफा काढला. भाड्याचा चांगला चौथा हिस्सा एका दिवसात सुटत होता. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी बासुंदी केली, म्हणजे नफा येण्याआधीच थोडा खाल्ला.

रोडगे म्हणजे काय, तेही सांगायला हवं. जाडसर दळलेली कणीक घट्ट मळायची. तिच्या लहान चकत्या करून त्यांना तेल लावायचं, तीन-चार एकावर एक ठेवायच्या आणि सगळ्याला मिळून गोळ्याचा आकार द्यायचा. मोकळ्या रानात गोवऱ्यांचा इस्तव करायचा, ज्वाळ संपून निखारा झाला की त्यात गोळे भाजायचे, मग तापलेल्या राखेत झाकून ठेवायचे. बाहेर काढून फडक्यानं पुसले, की हातानं फोडताना पदर सुटतात आणि आतून वाफ येते. वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. एक रोडगा खाल्लेला माणूस दुपारी काम करत नाही. दोन खाल्लेला संध्याकाळीही करत नाही.

ठरलेल्या दिवशी आम्ही पहाटेच भाऊंच्या वावरात पोचलो. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मारुतीचं लहानसं ठाणं, पलीकडे रिसोडकडे जाणारा रस्ता. आईनं शाळेतल्या तिच्या दोन जोडीदारणी आणल्या होत्या. दहाच्या सुमारास निखारा असा धरला, की आई कमरेवर हात ठेवून नुसती बघत उभी राहिली. पहिली पंगत बसली. एक वयस्क पाहुणे ताटाकडे बघून म्हणाले, "रोडगे कोन्नं भाजले?"

"शांताबाईनं," गजाननभाऊ म्हणाले.

"शाळेतली शांताबाई?"

"हो, तेच. तुया नातवानं सातवीपावतर तिच्याच हातची खिचडी खाल्ली. तो पोलिसात लागला. तुले रोडग्यानं काय होते?"

पंगतीत हशा झाला. पाहुण्यांनी रोडगा फोडला आणि तूप जरा जास्त मागितलं. चार-सहा माणसं मात्र पोटाचं कारण सांगून न जेवता गेली. आईनं ते पाहिलं, मीही पाहिलं. आनंदाच्या आठवणीतही ते तसंच आहे, खोटं कशाला लिहू? पण बसलेली माणसं इतकी होती, की गेलेल्यांची जागा लगेच भरली.

किंबहुना तीच अडचण झाली. मी पत्रावळी मोजत होतो. दोनशेच्या आत असताना माझ्या लक्षात आलं, की भाऊ स्वतः रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतायत. मोटारसायकलवाला, दूधवाला, शेजारच्या वावरातले कापूस वेचणारे, सगळ्यांना. आमच्याकडे रोडग्यांचा धूर दिसला, की त्या वाटेनं जाणाऱ्यानं न जेवता जायचं नसतं आणि घरधन्यानं जाऊ द्यायचं नसतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी स्वतः शाळेतून येताना अशा किती पंगतींत बसलो होतो. भाव ठरवताना मात्र मला ते सुचलं नाही. भाऊंना सुचलं नाही, आणि आईलाही नाही. तिघंही त्या दिवशी केटरर होतो.

मी भाऊंकडे धावत गेलो. "भाऊ, ही माणसं आपल्या दोनशेत नाहीत."

"अरे, रोडग्याले कोनी माणसं मोजते काय? काहीतरीच बोलून राह्यला."

आणि तेवढ्यात समोरून एसटी आली. भाऊ रस्त्याच्या मधोमध हात जोडून उभे राहिले. बस थांबली. कंडक्टर दारातून वाकला.

"काय झालं, भाऊ?"

"बोअरले पाणी लागलं. रोडगे हायत. उतरा सारे."

"अहो, टायमिंग आहे गाडीचं."

"टायमिंग कायले पाह्यता, पोट पाहा. रिसोड काय पळून जाते?"

कंडक्टर काही बोलणार, तोवर त्याच्या बाजूनं अर्धी गाडी उतरली होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि तो सर्वांत आधी बोअरच्या पाण्यावर हात धुताना दिसला. माझ्या हातातल्या पत्रावळी मी खाली ठेवल्या. मोजण्यात काही अर्थ उरला नव्हता.

कणीक संपली. वांगी आधीच संपली होती. मी आईजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "आई, गेलं सगळं."

"काय गेलं? अजून गाडीभर माणूस बसून हाय. रडाचं असंन तं पंगत उठल्यावर रड. आता गावात माणूस पाठव, ज्याच्या घरी कणीक हाय त्याच्या घरून आण म्हणा."

गजाननभाऊंच्या घरच्या काकू स्वतः शेजारच्या पोराच्या मागे गाडीवर बसून पिठाचा डबा घेऊन आल्या. त्यांच्या मागून आणखी दोघी-तिघी आल्या, कुणाकडे कणीक, कुणाच्या पदरात वांगी. सगळ्याजणी आईभोवती गोल बसल्या आणि चकत्या करू लागल्या. एसटीतली एक म्हातारीही त्यांच्यात जाऊन बसली. तिला सोडून गाडी निघाली, तेव्हा ती म्हणाली, "जाऊ द्या, पुढच्यानं जाईन." आईच्या वस्तीतले आणि गावातले हात एकाच परातीत होते. मला त्या वेळी हिशेबाची चिंता होती, म्हणून ते नीट पाहता आलं नाही. आज लिहिताना जास्त स्पष्ट दिसतं.

दुपार कलल्यावर पंगती उठल्या. आम्ही निखाऱ्यापासून जरा दूर, भाऊंच्या ट्रॅक्टरच्या सावलीत हिशेबाला बसलो.

"ठरल्यापरमाणं दोनशेचे देतो," भाऊ म्हणाले. "वरचे माये पाहुणे नोहत. मारुतीचे."

"मग वरचं बिल मारुतीच्या नावानं फाडू का?"

"फाड. देते तं घे."

मला हसू आलं. दोनशेच्या पैशात आमचा मालही निघत नव्हता. भाऊ लबाडी करत नव्हते. ठरलं होतं तेच ते देत होते, आणि ते शब्दाला पक्के असणं हीच माझी अडचण होती. मी पुन्हा तोंड उघडणार तोच ज्योतीनं विचारलं, "भाऊ, तुमचे वडील रोडगे करत, तवा माणसं कशी धरत?"

"माणसं कोन धरते, वयनी? पायलीच्या मापावर. एवढ्या पायल्यांचे रोडगे, असं म्हणत. कणीक संपली का पंगत संपली."

"अन् भाजणाऱ्याले?"

"पायलीमागं मजुरी. माल घरचा, गोवऱ्या घरच्या."

"मंग आमी ताटावर कायले आलो?" ज्योती म्हणाली. "आमालेही पायलीवरच धरा. जेवढी कणीक लागली, घरच्या बायांनी आणली ते धरून, तेवढ्याची मजुरी द्या. अन् आमचा माल जो लागला, तो तुमच्या घरून वापस द्या. मारुतीले काई मागत नाई आमी."

भाऊंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग बायकोला हाक मारून म्हणाले, "अवं, ऐकलं काय? हे पोरगी मायासारखी बोलून राह्यली." काकू तिकडून म्हणाल्या, "तुमच्यासारखी नाई. तुमाले कुठं हिशेब येते?"

संध्याकाळी भाऊंच्या ट्रॅक्टरमधून गव्हाची पोती, तुरीची डाळ आणि तुपाचा डबा आमच्या भोजनालयात उतरला. घरची डाळ, घरचा गहू. आम्ही दुकानातून आणला होता त्याहून चांगला. मजुरी वेगळी, रोख.

त्या दिवसानं आमचा धंदा फिरवला, आणि तो कसा फिरला हे धंद्याच्या भाषेत सांगतो. लहान हॉटेल बुडतं ते बहुधा गिऱ्हाईक नसल्यानं नाही, तर मालात पैसा अडकल्यानं. आज डाळ घ्यायची, उद्या शिजवायची, परवा पैसे यायचे, आणि मधल्या दिवसांत गॅसवाला दारात. रोडग्याच्या ऑर्डरीत माल धन्याचा, गोवऱ्या धन्याच्या, जागा त्याच्या वावराची. आमचे फक्त हात. भाव वाढला तर आमच्या अंगावर येत नाही, आणि एसटी थांबवली तरी आमचा जीव जात नाही. उलट जितकी माणसं जास्त तितक्या पायल्या जास्त. ताटावर भाव घेताना ज्या वाटसराला मी दोनशेच्या बाहेर काढू पाहत होतो, त्याच माणसाला पायलीवर आल्यापासून मीच रस्त्यावरून हाक मारतो.

जाहिरात आम्ही केली नाही. त्या बसच्या कंडक्टरनं केली. रिसोड, मालेगाव, मेहकर, जिथे गाडी थांबेल तिथे त्यानं आमचे रोडगे पोचवले. फाल्गुनात इतक्या ऑर्डरी आल्या, की आठवड्यातून दोन दिवस भोजनालयाला कुलूप लावून सगळे रानात जात होतो. ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना माझं पहिलं वाक्य एकच, "पायल्या किती?"

पाडव्याच्या दिवशी आम्ही केनवडच्याच शिवारात होतो. कुणाच्या तरी नव्या घराचे रोडगे होते. पंगत बसलेली, आई निखाऱ्यापाशी, ज्योती वरण वाढत होती. धुऱ्यावरून दिनकरराव येताना दिसले. पांढरं धोतर, नवी टोपी, हातात छत्री.

"दुकानावर कुलूप हाय. मले वाटलं पळाले का काय पुण्याले."

"बसा, दिनकरराव. पैसे तयार आहेत."

"तयार हायत म्हून तं बोलून राह्यलो. या सालापासून भाडं वाढवा लागन. धंदा चांगला चालून राह्यला तुमचा, साऱ्या शिवारात धूर दिसते."

आजूबाजूच्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं, की आता हा भांडणार. मला मात्र काय झालं कोण जाणे, हसूच आलं. सहा आठवड्यांपूर्वी ज्याच्यापुढे उभं राहायला मी घाबरत होतो, तो माणूस मला मोठा भाडेकरू समजून भाव वाढवत होता. भाडेवाढ ऐकून इतका खूश झालेला माणूस आमच्या तालुक्यात दुसरा नसेल.

"किती वाढवता?"

त्यांनी आकडा सांगितला. ज्योतीनं वरणाचा डाव हातात तसाच धरून निम्मा सांगितला. शेवटी तो दोघांच्या मधोमध येऊन थांबला. मी फोन काढला, तर वावरात नेटवर्क नाही. म्हणून ट्रॉलीवर चढलो. तिथेही नाही. मग ट्रॉलीत ठेवलेल्या रिकाम्या पिंपावर चढून हात वर केला. खाली सगळी पंगत घास हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"गेले काय?" दिनकररावांनी विचारलं.

"जाऊन राह्यले."

थोड्या वेळानं त्यांच्या कोपरीच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, शेजारच्या माणसाकडून वाचून घेतला.

"आले," ते म्हणाले, आणि छत्री बाजूला ठेवून पंगतीत बसले.